नारळ मिळाला, पगार चालू

प्रश्न : माझा मुलगा टेक्सास ए अँड एम विद्यापीठात एम. एस. करतो. तिथल्या फुटबॉल कोचला मागे काढून टाकलं आणि घरी बसण्याबद्दल त्याला सहाशे कोटींहून जास्त रुपये मिळताहेत, असं तो सांगतो. मला ही थाप वाटते. खरं असेल, तर अशा माणसाला नोकरीची काळजी कसली? आणि हा पैसा आमच्या फीमधून जातो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलगा खरं सांगतोय. कोचचं नाव जिम्बो फिशर. 11 नोव्हेंबर 2023 च्या शनिवारी त्यांच्या संघाने मिसिसिपी स्टेटला 51-10 असं लोळवलं आणि रविवारी विद्यापीठाने त्यांच्या हातात नारळ दिला. एवढा मोठा सामना जिंकल्यावर का, तर त्याआधी चार हरले होते. करारापोटी देणं निघालं साडेसात कोटी डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वासहाशे कोटी रुपये. साधारण चौथा हिस्सा साठ दिवसांत आणि उरलेली रक्कम 2031 पर्यंत दर वर्षी बहात्तर लाख डॉलर अशा हप्त्यांनी. दरम्यान फिशरनी दुसरीकडे नोकरी धरली, तरी यातला छदामही कापायचा नाही, असं करारातच लिहिलेलं होतं.

फीचं उत्तर सोपं आहे. तुमच्या मुलाची फी यात गेलेली नाही. पहिला मोठा हप्ता विद्यापीठाच्या ‘ट्वेल्थ मॅन फाउंडेशन’ या देणगीदारांच्या संस्थेने उचलायचा आणि पुढचे क्रीडा विभागाने, असं विद्यापीठाने तेव्हाच जाहीर केलं. मोठ्या संघांचे क्रीडा विभाग टीव्हीचे हक्क, तिकिटं आणि देणग्या यांवर चालतात. मुलाला तिथलं कायल फील्ड दाखवायला सांगा, एक लाखाहून जास्त खुर्च्या आहेत. काही छोट्या विद्यापीठांत मात्र विद्यार्थ्यांकडून खेळासाठी वेगळी फी सर्रास घेतली जाते.

आता काळजीचं. हा फुटबॉल म्हणजे आपल्या गोव्यात नि कोल्हापुरात खेळतात तो नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट, अंगाला अंग भिडवणारा अमेरिकी खेळ. मोसमात साखळीचे सामने फक्त बारा, तेही बहुतेक शनिवारी. त्यामुळे एका पराभवाचं वजन फार. पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय उपांत्य सामन्यापर्यंत पोचले होते आणि नव्या मोसमाच्या सुरुवातीला त्यांचा संघ देशात दुसरा मानला जात होता. मग ओरेगॉनकडून हरले, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून हरले, घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडूनही हरले. तिसऱ्या पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी, 12 ऑक्टोबरला, गच्छंती. नेब्रास्काने तर 2003 मध्ये फ्रँक सोलिच यांना नऊ विजय आणि तीन पराभव अशा मोसमानंतर घरी पाठवलं होतं. आणि लोकांचा राग टोमण्यांवर थांबत नाही. 1988 मध्ये अलाबामा घरच्या मैदानावर हरलं, तेव्हा कोच बिल करी यांच्या कचेरीच्या खिडकीतून वीट आत आली.

नारळ देण्याची रीतही कधी कधी विलक्षण असते. सप्टेंबर 2013 मध्ये यूएससीचा संघ ॲरिझोना स्टेटकडून 62-41 असा हरून रात्रीच्या विमानाने लॉस एंजेलिसला परतला. पहाटेची वेळ, खेळाडू बसमध्ये चढलेले. क्रीडा संचालक पॅट हेडन यांनी कोच लेन किफिन यांना बसमधून उतरवून विमानतळावरच्या एका खोलीत नेलं आणि तिथेच सांगितलं की तुमचं काम संपलं. बस त्यांना न घेताच निघून गेली.

मग एवढ्या बेभरवशाच्या खुर्चीसाठी दहा-दहा वर्षांचे करार होतात कसे? हा सगळा प्रकार सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपाशी येऊन थांबतो. कोचचं निम्मं काम मैदानावर नसतंच. ते असतं शाळकरी खेळाडूंच्या घरी, आईबापांसमोर सोफ्यावर बसून मुलाला आपल्या कॉलेजात ओढण्याचं. आई हमखास विचारणार, माझा मुलगा शिकतोय तोवर तुम्ही तिथे असाल ना? कोचच्या करारात दोनच वर्षं उरलेली असली, तर पुढच्या आठवड्यात त्याच सोफ्यावर बसणारा प्रतिस्पर्धी कोच ते बरोबर कानावर घालतो. म्हणून करार कधी आखूड होऊ द्यायचा नाही. एक मोसम बरा गेला की दोन-चार वर्षं जोडायची, पगार वाढवायचा. न वाढवला तर कोचचा एजंट दुसऱ्या विद्यापीठाचं नाव हळूच वर्तमानपत्रांत सोडतो. या एजंटांत जिमी सेक्स्टन हे नाव सतत दिसतं. निक सेबन, कर्बी स्मार्ट, किफिन, फिशर असे बडे कोच त्यांच्याच यादीतले.

फिशर यांचं असंच झालं. 2017 मध्ये दहा वर्षांचा साडेसात कोटी डॉलरचा करार. 2020 मध्ये नऊ विजय, एक पराभव, देशात चौथा क्रमांक. लगेच 2021 मध्ये करार 2031 पर्यंत लांबला. त्यानंतर फिशर असेपर्यंत संघाने तसा मोसम पुन्हा दाखवला नाही. म्हणजे सव्वासहाशे कोटींचा तो आकडा एका चांगल्या वर्षाच्या आनंदात लिहिला गेला. भरगच्च रकमेमुळे कोच टिकेल अशी आशा होती. प्रत्यक्षात श्रीमंत देणगीदारांनी रक्कम भरायची तयारी दाखवली की ती भिंत राहतच नाही, आणि माझ्या मते या धंद्याची खरी गोम हीच आहे. करार पैशाला संरक्षण देतो, पदाला नाही.

यातला सर्वांत रंगतदार माणूस कोच नाही, क्रीडा संचालक आहे. फिशर यांचा पहिला करार टेक्सास ए अँड एममध्ये केला तो स्कॉट वुडवर्ड यांनी. पुढे ते लुइझियाना स्टेटला गेले. तिथे एड ऑर्जरॉन यांनी 2019 च्या मोसमात पंधरापैकी पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं होतं. दोन वर्षांतच त्यांना सुमारे पावणेदोन कोटी डॉलर देऊन निरोप दिला आणि वुडवर्डनी ब्रायन केली यांच्याशी दहा वर्षांचा, साधारण साडेनऊ कोटी डॉलरचा करार केला. ऑक्टोबर 2025 मध्ये केली यांचा संघ टेक्सास ए अँड एमकडूनच 49-25 असा हरला, दुसऱ्या दिवशी केली गेले आणि देणं उरलं पाच कोटी डॉलरच्या वर. राज्यपाल जेफ लँड्री यांनी भर पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाहीत. केली यांच्या पाठोपाठ त्याच आठवड्यात वुडवर्डही गेले. राज्यपालांचा यात काय संबंध, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर कॉलेजचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो, आणि निवडणुका सगळ्यांनाच लढवायच्या असतात.

केली यांच्या रिकाम्या खुर्चीवर साधारण महिनाभरात आले ते बसमधून उतरवले गेलेले लेन किफिन. मिसिसिपी विद्यापीठाला बारापैकी अकरा सामने जिंकून देऊन, राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर असताना त्यांनी तो संघ सोडला. कोचना काढतात म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

फिशरसारखं बिनकपातीचं कलम सगळ्यांना मिळत नाही. बऱ्याच करारांत काढलेल्या कोचने नवी नोकरी शोधायची आणि तिथला पगार देण्यातून वजा करायचा, अशी अट असते. फ्रँकलिन यांचं देणं सुमारे 4.9 कोटी डॉलर होतं. साधारण महिन्याभरात व्हर्जिनिया टेकने त्यांना घेतलं आणि ते नव्वद लाखांवर आलं. याउलट चार्ली वाइस. नोत्र दाम विद्यापीठाने 2009 मध्ये त्यांना काढलं आणि पुढची कित्येक वर्षं पैसे मोजले. मधे कॅन्सस विद्यापीठाने त्यांना नेमलं, 2014 मध्ये तिथूनही त्यांना काढलं. काही काळ हा गृहस्थ दोन विद्यापीठांकडून शिकवायला न येण्याचे पैसे घेत होता.

तेव्हा मुख्य कोचना पोटापाण्याची चिंता नसते, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ती असते त्यांच्या सहायकांना. चेंडू अडवणाऱ्यांना, फेकणाऱ्यांना, झेलणाऱ्यांना शिकवणारे वेगवेगळे कोच, व्यायाम घेणारे, चित्रफिती कापून प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करणारे तरुण, अशी मोठी फौज असते. त्यांचे करार बहुधा एक-दोन वर्षांचे. नवा मुख्य कोच आपली माणसं घेऊन येतो. आणि 2017 पासून नवे खेळाडू करारबद्ध करण्याची पहिली मुदत डिसेंबरात आली, तेव्हापासून हकालपट्ट्याही मोसम संपायची वाट न बघता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच होऊ लागल्या. त्यामुळे मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात सोडवून सामान बांधायचं, दुसऱ्या राज्यात भाड्याचं घर बघायचं, हे या घरांमधल्या बायकांना पाठ झालेलं असतं.