मढे घाटाची वाट

भोरहून महाडला जाण्यासाठी आज वरंधा घाटाचा गाडीरस्ता आहे. गाड्या नव्हत्या तेव्हा लोक सह्याद्री कसा उतरत? पायी! डोंगरात अशा अनेक जुन्या वाटा होत्या. त्यांपैकी एका वाटेने आज आपण चालूया.

वेल्हे गावाजवळ उंच तोरणा किल्ला दिसतो. तो मागे टाकून केळद गावी या. थोडे पुढे गेलात की जमीन एकदम संपते आणि खोल खाली कोकण दिसते. येथून मढे घाटाची वाट कर्णवडी, रानवडी या गावांकडे उतरते. पूर्वी अशा घाटवाटांनी कोकणातले मीठ वर येई आणि देशावरचे धान्य खाली जाई.

आता सावकाश उतरा. वाट अरुंद आहे. पावसाळ्यात जवळच धबधबा कोसळतो, दगड निसरडे होतात. पाठीवरची छोटी पिशवीसुद्धा जड वाटते.

'मढे' म्हणजे मृतदेह. घाटाला असे नाव का पडले? फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा जिंकताना तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले. त्यांचे गाव उमरठे, आजच्या पोलादपूर तालुक्यात. त्यांचा देह याच वाटेने गावी नेला, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. क्षणभर थांबा. आपल्या माणसाला खांद्यावर घेऊन ही वाट उतरणाऱ्यांचे पाय किती जड झाले असतील!

मराठीतला 'रस्ता' तुमच्या उर्दूत 'रास्ता' आहे, आणि 'किल्ला' म्हणजे 'किला'. माणसांबरोबर शब्दही वाटा चालतात.

चालणारे कमी झाले की वाटेवर गवत वाढते. नावाची गोष्ट कोणी विचारली नाही, तर तीही हरवते. तुमच्या गल्लीचे, मोहल्ल्याचे नाव कसे पडले? आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

शब्दार्थ
देश – सह्याद्रीच्या पूर्वेकडचा पठारी प्रदेश
निसरडे – पाय घसरेल असे
धारातीर्थी पडणे – लढताना मरण येणे

स्वाध्याय
१. घाटवाटांनी कोणत्या वस्तूंची ने-आण होई?
२. 'मढे घाट' या नावामागे कोणती आठवण सांगतात?
३. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा.