कुंपणातलं खिंडार बुजवताना

जुलै २०२१ च्या पुरात कोल्हापुरातल्या नागाळा पार्कच्या सखल अंगाला असलेल्या आमच्या बागेत, दुरंताच्या कुंपणाचा एक कोपरा कित्येक दिवस पाण्यात होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ पाठोपाठ दुसऱ्यांदा नदी तिच्या कितीतरी वर गेली होती. पाणी ओसरलं तेव्हा पानं हिरवीच होती, म्हणून सगळे निर्धास्त राहिले. पण दिवाळीपर्यंत कोपऱ्यातली झाडं वाळली आणि माणूस सहज आत शिरेल एवढं खिंडार पडलं.

पाणी तुंबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. वरचं झाड मात्र साठवणीवर काही आठवडे तग धरतं. म्हणून पूर ओसरल्यावर लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नका. बुंध्याजवळची साल नखानं खरवडून बघा. आत हिरवी असेल तर धीर धरा, कोरडी तपकिरी निघाली तर ते झाड गेलं.

खिंडार दिसलं की कुणीही छातीएवढी तयार रोपं आणून रोवतं, कारण फट लगेच झाकली जाते. आमच्याकडे लावलेली अशी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. शिरोळकडचे एक जाणते शेतकरी मामा ती बघून म्हणाले, "ताई, रोप लावलं, पर त्येच्या वाट्याला काय ठिवलंय?" दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांची मुळं त्या मोकळ्या मातीत केव्हाच पसरलेली असतात आणि वरून त्यांचीच सावली पडते. पिशवीतल्या थोड्याशा मुळांवर उभं असलेलं मोठं रोप तिथं तहानेनंच मरतं.

त्यामुळे खिंडार शेजारच्या झाडांकडूनच भरून घ्यावं, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यासाठी दाब कलम करा. शेजारच्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, जमिनीलगतची लवचीक फांदी खिंडाराकडे वाकवा. मातीत जाणाऱ्या भागाची खालची साल थोडी खरवडा, तो भाग चार बोटं खोल पुरा, वर दगड ठेवा आणि शेंडा काठीला उभा बांधा. मुळं फुटेपर्यंत आईचं झाड तिला पोसतं, म्हणून जुन्या मुळांशी झगडताना ती मरत नाही. मिरगाच्या पावसात दाबलेली फांदी दिवाळीच्या सुमाराला हलवून बघा. घट्ट बसली असेल तरच आईपासून तोडा. इंग्लंडातले शेतकरीही जुनी कुंपणं अशीच सांधतात. खोड बुडाशी अर्धवट चिरून आडवं पाडतात, त्यावर नवे फुटवे उभे राहतात.

फांदी पोचतच नसेल तिथं त्याच कुंपणाचे फाटे लावा, म्हणजे पानांचा रंग जुळतो. जुन्या खुंटाची कुजकी मुळं आधी पूर्ण काढा. आमच्यासारखी काळी चिकण माती असेल तर पोयटा आणि मुरलेलं शेणखत घालून वीतभर उंच वरंबा करा, पाण्याला चर काढून द्या. खिंडाराच्या दोन्ही कडांना कुदळीनं सरळ खाच मारून शेजाऱ्यांची आत आलेली मुळं तोडा, वरच्या फांद्याही छाटा. दरवर्षीच पाणी येत असेल तर त्या तुकड्यापुरती कोयनेल लावा. ती ओल चांगली सोसते आणि शेळ्याही तिला सहसा तोंड लावत नाहीत.

बुडाशी उसाचं पाचट पसरा, पण खोडाला टेकवू नका. फुटवा हातभर झाला की शेंडा खुडा. उंच वाढू दिलात तर तळ कायम उघडा राहील. छाटतानाही वरचा भाग अरुंद ठेवा, म्हणजे तळाला ऊन पोचतं. कुंपण भरेपर्यंत मधे बांबूच्या कामट्या उभ्या करा, कारण एकदा वाट पडली की कुत्री-शेळ्या ती सोडत नाहीत.

दोन उन्हाळे पाणी द्यावं लागेल, त्याची तयारी ठेवा. आणि यंदा हे करायचं असेल तर मिरगाची वाट बघत बसू नका. मे महिन्यातच माती उकरून तापू द्या.