कॅमेऱ्याची निवड

जर्मनींतील वेट्झलार येथें लाइट्झ यांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचे एक कुशल यंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा विकार असल्यामुळें काचपट्ट्यांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणें फार कष्टाचें वाटे. म्हणून चलच्चित्रांसाठीं वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन त्यांनीं एक लहानसा कॅमेरा घडविला. १९२५ सालीं तो 'लायका' या नांवानें विक्रीस आला.

अलीकडे फिल्मच्या कॅमेऱ्याची आवड तरुणांत पुन्हां दिसूं लागली आहे. काटकसरीच्या पैशांतून घेतलेली वस्तु कपाटांत पडून राहूं नये, यासाठीं आपण तीन गोष्टींचा विचार करूं.

पहिली गोष्ट आकाराची. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ × ३६ मिलिमीटर असतें. १२० क्रमांकाच्या फिल्मवरील चौरस चित्र सुमारें ५६ × ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळानें साडेतीन पटींहून अधिक. त्यामुळें तें अधिक मोठें करतां येतें. परंतु अशीं चित्रें एका गुंडाळींत बाराच निघतात. ३५ मिलिमीटरच्या मोठ्या गुंडाळींत छत्तीस. सहली, जत्रा व घरचीं माणसें टिपणाऱ्या विद्यार्थ्यास दुसरीच सोयीची.

दुसरी गोष्ट वजनाची. ऑलिम्पस एक्सए सुमारें २२५ ग्रॅम भरतो. पण त्याचें भिंग बदलतां येत नाहीं. त्याच कंपनीचा ओएम-१ भिंगावांचून सुमारें ५१० ग्रॅम आहे व त्यास निरनिराळीं भिंगें बसतात. आपणांस काय झेपेल, हें घरींच पाहावें. पिशवींत पाऊण किलो तांदूळ घालून ती खांद्यास अडकवावी व तासभर फिरून यावें. खांदा कुरकुरूं लागला, तर लहान कॅमेराच बरा.

तिसरी गोष्ट सोयींची. १९८२ सालीं निघालेल्या निकॉन एफएम२ चा शटर बॅटरीवांचून चालतो. बॅटरी केवळ प्रकाशमापकास लागते. उलट १९७६ च्या कॅनन एई-१ मध्यें बॅटरी संपली कीं शटर उघडतच नाहीं. भिंगाचें छिद्र, शटरचा वेग व अंतर हीं तिन्ही ज्यांत आपल्या हातानें जुळवावीं लागतात, असाच कॅमेरा शिकणाऱ्यास उत्तम, असें आम्हांस वाटतें.

जुना कॅमेरा घेतांना भिंगांतून विजेरीचा प्रकाश पाडून पाहावा. पावसाळी हवेनें आंत बुरशीचें जाळें धरतें. मागील झांकणाच्या कडेचा मऊ स्पंज चिकट झाला असल्यास प्रकाश आंत शिरून चित्रें बिघडतात. एक सेकंदाचा वेग लावून खटका दाबावा व शटर मध्येंच अडत नाहीं ना, हें कान देऊन ऐकावें.

पालकांनीं किंमतीबरोबर फिल्म व ती धुण्याचा खर्चहि हिशेबांत धरावा. आणि विद्यार्थिमित्रहो, पहिल्या छत्तीस चित्रांपैकीं एक तरी आपल्या आजीआजोबांचें घ्या. तें पुढें ढकलूं नका.