जाळीवर धरणारा बर्फ

प्रश्न : लडाखमध्ये ओढ्यावरचं छोटं जलविद्युत केंद्र जानेवारीत बंद दिसलं. पाणी तर वाहत होतं! मग असं का?

उत्तर : बहुधा तोंडावरची जाळी बुजली असणार. निरभ्र रात्री खळाळतं पाणी शून्याखाली अंशाच्या काही शतांशांनी उतरतं आणि त्यात बर्फाच्या बारीक चकत्या तयार होतात. ओंजळीत घेतल्या तर भिजलेल्या साबुदाण्यासारख्या! लोखंडी गजांना त्या चिकटतात. काही तासांत जाळी बंद. रात्रभर दांडक्याने खरवडत बसणं ही शिक्षाच. त्यापेक्षा जाळीआधी खोल, संथ डोह करा. वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरच्या आत राहिला तर वर बर्फाची साय धरते, तीच पांघरूण होते. पाणी तिच्याखालून घ्या. गज विजेने तापवणार असाल, तर शून्याच्या किंचित वर पुरे. पण बर्फ धरण्याआधीच.