घरातील वजनकाटा आणि पानातील अन्न : इयत्ता चौथीसाठी एक पाठ

मापनाचा भाग शिकविताना हजार ग्रॅमचा एक किलोग्रॅम होतो हे आपण मुलांकडून पाठ करवून घेतो, आणि मुलेही ते बिनचूक म्हणतात. परंतु शंभर ग्रॅम तांदूळ ओंजळीत घेऊन दाखवा, असे सांगितले म्हणजे वर्गातील हुशार मुलेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. वास्तविक या शंभर ग्रॅमशी त्यांचा रोजचा संबंध आहे. २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालणाऱ्या शालेय आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण धरले असून, त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. ही वजने कच्च्या शिध्याची आहेत, हे येथेच ध्यानी घ्यावे. आपल्या वाट्याचे अन्न किती, हे मुलाला स्वतःच्या हाताने तोलून पाहता यावे आणि ती सवय घरच्या स्वयंपाकघरापर्यंत जावी, या हेतूने प्रस्तुत पाठ सुचविला आहे.

उरण तालुक्यातील द्रोणागिरीच्या परिसरात या पाठास आयतेच साहित्य आहे. डोंगराच्या पायथ्याच्या जुन्या गावांतील मुलांना आजीच्या तोंडून शेर व पायली हे शब्द ठाऊक असतात. सिडकोच्या वसाहतीत राहावयास आलेल्या मुलांच्या घरी कित्येकदा ओट्यावर लहानसा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. दोहोंची गाठ घालून द्यावी. आपल्या देशात वजने दशमान पद्धतीत आणण्यास १ ऑक्टोबर १९५८ पासून प्रारंभ झाला. तथापि दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे कोष्टक घरोघरी त्यानंतरही टिकून राहिले. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापी शेर मात्र जागेचा, वजनाचा नव्हे. हा भेद मुलांना सांगून समजत नाही. तो दाखवावा लागतो.

त्यासाठी १५० मिलिलिटरची एक वाटी घ्यावी. ती तांदळाने शिगेस न नेता काठोकाठ भरून तोलली, तर सुमारे १२० ग्रॅम भरते. तीच वाटी पातळ पोह्यांनी भरावी; वजन निम्मेही होत नाही. मग पीठ चाळून भरावे, नंतर तेच दाबून भरावे. दोन्ही वेळा वाटी एकच असून आकडे निराळे का आले, याचे उत्तर मुलांनीच द्यावे. आमच्या वर्गात एका मुलाने सांगितले, “बाई, दाबलं की मधली हवा पळते.” याहून चांगली व्याख्या मला देता आली नसती.

काटा वापरण्यापूर्वी तो खरा आहे की नाही हे पाहणे अवश्य आहे. जुन्या तागडीत पारडी सारखी नसतील तर हलक्या बाजूस पासंग बांधीत, आणि रिकाम्या भांड्याच्या वजनाचा धडा करून मगच माल तोलीत. इलेक्ट्रॉनिक काट्यात हेच काम एक बटण करते : रिकामे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावयाचा. मुले हे बटण दाबावयास विसरतात आणि पातेल्यासकट भात खातात, असे मी त्यांना विनोदाने म्हणते. काटा सपाट जागी ठेवावा, पंखा बंद करावा. १०० मिलिलिटर पाणी मोजून तोलले तर १०० ग्रॅम भरले पाहिजे. दहा रुपयांची दोन धातूंची दहा नाणी ठेवली तर सुमारे ७७ ग्रॅम आले पाहिजेत. घरगुती काट्याने दुकानदारीची मापे धरू नयेत. व्यापारी काटा वैधमापन यंत्रणेकडून तपासून मुद्रांकित झालेला असावा लागतो.

ज्या घरी काटा नाही, आणि अशी घरे पुष्कळ आहेत, तेथील मुलाने तांदूळ मोजावयाची घरची वाटी एक दिवस शाळेत आणावी. शाळेच्या काट्यावर त्या वाटीत तांदूळ, डाळ व पीठ किती ग्रॅम मावते ते काढून वहीत लिहावे. तेवढ्याने ती वाटीच त्या घरचे माप होते. काटा विकत आणण्याचा आग्रह कोणत्याही पालकास करू नये.

आता घरचा प्रयोग. मुख्य अडचण अशी की, मापाचे आकडे कच्च्या अन्नाचे आणि आपल्या पानात पडते ते शिजलेले. समजा, पाच माणसांसाठी ५०० ग्रॅम तांदूळ शिजविले. रिकामे पातेले आधीच तोलून ठेवले होते, ते ८०० ग्रॅम. भातासह पातेले २,२०० ग्रॅम भरले, तर भात १,४०० ग्रॅम. म्हणजे पानातील १०० ग्रॅम भातात सुमारे ३६ ग्रॅम तांदूळ आहे आणि उरलेले पाणी. तांदूळ जुना की नवा, भात मोकळा की आसट, यांवर हा आकडा बदलेल. म्हणून प्रत्येक घराचे उत्तर निराळे येणार आणि ते सर्व बरोबर असणार. गरम पातेले काट्याच्या काचेवर वा प्लॅस्टिकवर ठेवू नये. खाली लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणावा, आणि पातेले मोठ्या माणसाने उचलावे. भाकरीचे काम सोपे आहे : घेतलेल्या पिठाच्या वजनास भाकऱ्यांच्या संख्येने भागावे. मासळी साफ करण्यापूर्वी व केल्यानंतर तोलावी. डोके, खवले व आतडी गेल्यावर खाण्याजोगा भाग किती उरतो, हे करंजाच्या मुलांना अंदाजाने ठाऊक असते. आकडा पाहून तीही चकित होतात.

मिठाचा प्रयोग निराळ्या रीतीने करावा लागतो. एक ग्रॅमपर्यंतच वाचणाऱ्या काट्यावर चिमूटभर मीठ तोलता येत नाही, आणि खडे मिठाचा चमचा व बारीक मिठाचा चमचा वजनाने सारखे नसतात. उरणसारख्या मिठागरांच्या प्रदेशात हे सांगावयास नको. म्हणून चमचा न तोलता पिशवी मोजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. मुलांना त्याहूनही कमी पुरे. पाच माणसांचे दिवसाचे २५ ग्रॅम धरले तर एक किलोची पिशवी ४० दिवस पुरावी. पिशवी फोडल्याची तारीख मुलाने तिच्यावर लिहावी आणि ती संपल्याची तारीख वहीत लिहावी. मासळी धुण्यास, खारविण्यास वा लोणच्यास गेलेले मीठ तोलून वजा करावे. तरीही पिशवी विसाव्या दिवशीच संपली, तर त्या घरातील रक्तदाब असलेल्या आजोबांसाठी हा भागाकार मुलाने घरी वाचून दाखविणे योग्य होईल. शिवाय पापड, फरसाण व सुकट यांतून येणारे मीठ या हिशेबात नाहीच.

एक दक्षता मात्र कसोशीने पाळावी. वाढत्या मुलाने आपले जेवण कमी करण्यासाठी काटा वापरू नये, व कोणाच्याही पानाकडे बोट दाखवू नये. घरोघरचे आकडे फळ्यावर मांडू नयेत. कोणाच्या घरी किती शिजते ही वर्गात वाचण्याची गोष्ट नव्हे. वही केवळ शिक्षकाने पाहावी, आणि तिचा शेवटचा रकाना शिक्षकानेही मागू नये.

तो रकाना असा. वाढण्यापूर्वी भाताचे पातेले तोलावे, आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती सोडून सर्वांची जेवणे झाल्यावर पुन्हा तोलावे. रिकाम्या पातेल्याचे वजन वजा केले की जे उरते, ते तिच्या वाट्याचे. बहुतेक घरी ती व्यक्ती आई असते आणि तिचे पान शेवटी मांडले जाते. पाचांत समान वाटले असते तर वरील उदाहरणात २८० ग्रॅम भात तिला मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात किती उरला हे मुलाने एकट्याने पाहावे. याविषयी वर्गात एक शब्दही बोलू नये, असे मला अनुभवाने वाटते.

मागील खेपेस एका मुलीने हा रकाना कोराच ठेवला होता. मी विचारले नाही. पुढील आठवड्यात तिच्या वहीत तांदळाच्या रकान्यात ५०० च्या जागी ५७५ हा आकडा होता, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते : “आज सगळे एकदम बसलो.”