लग्नपत्रिकांचा हिशेब

प्रश्न : माझी मुलगी नागपूरला इंजिनिअर झाली, आता पुण्यात असते. प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागेसाठी एकाच कंपनीनं तिच्या पाच मुलाखती घेतल्या. एकीत विचारलं, ‘तुमच्या भंडारा जिल्ह्यात वर्षाला लग्नपत्रिका किती छापल्या जातात?’ ती म्हणाली, ‘माहीत नाही.’ निवड झाली नाही. ही मुलाखत की थट्टा? आणि ही नोकरी तरी कसली? शेजारी विचारतात, पोरगी कोणता माल विकणार?
— एक वाचक, मोहाडी

उत्तर : शेजाऱ्यांचा प्रश्न वाटतो तितका चुकीचा नाही. या पदाचं मूळ मालातच आहे, तेही साबणात. 1931 साली अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय हा 26 वर्षांचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिराती सांभाळायचा. त्याच कंपनीचा आयव्हरी साबण इतका गाजलेला, की कॅमेकडे कुणी वळून बघेना. त्यानं वरिष्ठांना टिपण लिहिलं : प्रत्येक साबणामागे एक माणूस ठेवा. खप कुठे घटला, का घटला, आता काय करायचं, हे सगळं त्यानंच बघायचं. तोच माणूस पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांत शिरला आणि प्रॉडक्ट मॅनेजर झाला. (मॅकेलरॉय स्वतः नंतर अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला, पण ती वेगळी गोष्ट.) तुम्ही फोनवरून पैसे पाठवता आणि ते मध्येच अडकतात, तेव्हा पडद्यावर कोणतं वाक्य दिसावं, हेसुद्धा कुणीतरी ठरवलेलं असतं. तो माणूस कोड लिहीत नाही, माल विकत नाही, आणि ज्या इंजिनिअरांकडून काम करून घ्यायचं ते बहुतेक वेळा त्याच्या हाताखालीही नसतात. अशा माणसाची परीक्षा घ्यायची कशी? कंपन्यांनाही ते नीट उमगलेलं नाही. म्हणून पाच-पाच फेऱ्या.

आता पत्रिका. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 12 लाख होती. माणूस साधारण 70 वर्षं जगतो आणि एकदा लग्न करतो असं धरू. 12 लाखांना 70 नं भागलं की वर्षाला सुमारे 17 हजार नवरे-नवऱ्या. इथे घाईत असलेला उमेदवार जोड्या मोजायला दोननं भागतो आणि फसतो. आपल्याकडे नवरीकडची पत्रिका वेगळी, नवरदेवाकडची वेगळी; म्हणजे 17 हजारच घरं धरायची. घरटी 300 पत्रिका, की झाल्या 51 लाख. खरा आकडा कुणालाच ठाऊक नसतो, विचारणाऱ्यालाही नाही. तुम्ही काय धरलं, का धरलं आणि ते मोठ्यानं बोललात का, एवढंच तो बघतो. एन्रिको फर्मी हा भौतिकशास्त्रज्ञ अशा हिशेबांसाठी प्रसिद्ध होता. 1945 साली पहिल्या अणुचाचणीच्या वेळी त्यानं कागदाचे कपटे हवेत सोडले आणि धक्क्यानं ते किती लांब पडले त्यावरून स्फोटाच्या ताकदीचा अंदाज बांधला.

पण तुमचा राग अगदीच अनाठायी नाही. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनीच 2013 साली जाहीरपणे सांगितलं, की विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, मॅनहॅटनमध्ये पेट्रोल पंप किती, असले प्रश्न म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. त्यातून काहीच कळत नाही, फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार वाटतो. गूगल सावरलं असेल. आपल्याकडच्या मुलाखतींत मात्र हे प्रश्न अजून येतात.

दुसऱ्या एका प्रकारच्या प्रश्नाला मी जास्त मान देतो. ‘अ‍ॅपवरच्या ऑर्डरी मंगळवारी अचानक 20 टक्क्यांनी घटल्या. काय कराल?’ बहुतेक मुलं लगेच म्हणतात, सवलत देऊ. शेतातली मोटार बंद पडली तर तुम्ही काय करता? लगेच मोटार खोलत नाही. आधी लाईन आहे का बघता, मग फ्यूज, मग स्टार्टर. इथेही तेच : मोजणीच चुकली नाही ना? सगळीकडे घट आहे की एकाच गावात? आदल्या दिवशी अ‍ॅपमध्ये काही बदललं का? मंगळवारी सण होता का?

तिसरा प्रकार : अमक्यासाठी अ‍ॅप बनवा. समजा, कोसा रेशमाच्या साड्या विणणाऱ्या विणकरासाठी. पुण्या-बंगळुरूचा उमेदवार साड्यांचे फोटो आणि ‘आता खरेदी करा’ असं बटण काढून मोकळा होईल. तुमची मुलगी मोहाडी-आंधळगावातले हातमाग बघत वाढली. करवती काठ विणायला तीन धोटे लागतात, वेळ लागतो, एक साडी एका दिवसात उतरत नाही, हे तिला ठाऊक असणार. मग विणकराला गिऱ्हाईक हवंय, सूत उधारीवर हवंय की आधीच्या मालाचे पैसे वेळेवर हवेत, हा प्रश्न तिला सुचायला हवा. तो इंग्रजीत विचारताना अडखळली तरी चालेल. सुचलाच नाही तर पंचाईत.

एका गोष्टीत मात्र उमेदवारांची बाजू शंभर टक्के खरी आहे. ‘घरी करून आणा’ म्हणून दिलेलं काम. माझ्या ओळखीच्या एका मुलानं चार रात्री जागून तीस पानांचा आराखडा पाठवला. नंतर ना फोन, ना नकार. अशा वेळी आधीच विचारावं : किती तासांचं काम अपेक्षित आहे, आणि वाचणार कोण? ज्या कंपनीला हे विचारलेलं खपत नाही, तिथे पुढेही फार काही खपणार नाही.

शेजाऱ्यांना सांगा, पोरगी माल विकत नाही, तो का खपत नाही ते शोधते. आणि घरटी 300 पत्रिका हा आकडा मी पुण्यात बसून धरलाय. तुमच्याकडच्या गेल्या लग्नात किती छापल्या आणि किती माळ्यावर पडून राहिल्या, ते कळवा. हिशेब दुरुस्त करू.