आधी बचत, मग बॅटरी

जुन्या मोटारीतील पेट्रोलचे इंजिन काढून तिच्यात विद्युत मोटर व बॅटरी बसविता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त संच आणि परिवहन कार्यालयातील नोंद आवश्यक असते. अशी मोटार अधिक अंतर जावी म्हणून मोठी बॅटरी बसविण्याचा मोह होतो. परंतु बॅटरीबरोबर वजनही वाढते.

म्हैसूरच्या चामुंडी टेकडीचे उदाहरण पाहा. टेकडीचा माथा शहरापेक्षा सुमारे ३०० मीटर उंच आहे. १००० किलो वजनाची मोटार तेवढ्या उंचीवर नेण्यास सुमारे ०.८ युनिट ऊर्जा लागते. घर्षण व हवेचा विरोध यांचा खर्च वेगळाच. प्रत्येक जादा १०० किलोंमागे आणखी ०.०८ युनिट लागते. उतरताना, तशी सोय असल्यास, मोटर जनित्राचे काम करते आणि काही वीज बॅटरीत परत भरते. सर्व वीज मात्र परत मिळत नाही.

म्हणून आधी अपव्यय थांबवावा. टायरमध्ये योग्य दाबाची हवा ठेवावी, चाकांना घासणारे ब्रेक दुरुस्त करावेत, अनावश्यक सामान उतरवावे. वेगही माफक ठेवावा, कारण वेग दुप्पट झाल्यास हवेचा विरोध चौपट होतो. रांजण गळका असेल, तर मोठा रांजण आणण्यापूर्वी त्याचे छिद्र बुजविणे शहाणपणाचे ठरते.